कुठेच न जाणारी गाडी

मागच्या अंकात इंजिन ऑइलबद्दलच्या एका उत्तराच्या शेपटाला मी सहज एक वाक्य जोडलं होतं: ‘कारण नसताना गाडी काढणं मला पटत नाही.’ ऑइलबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. या वाक्यावर मात्र पत्रांचा ढीग पडला. काहींनी शाबासकी दिली, काहींनी माझी चांगली शाळा घेतली. ढीग वाचून संपला तेव्हा माझंच वाक्य मला जरा उथळ वाटायला लागलं होतं. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला.

नव्या वाचकांसाठी: मी तीस वर्षं गाड्यांच्या धुराची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम केलं. गाडी रोलरवर चढवायची, सायलेन्सरला पाइप जोडायचा आणि तिला जागच्या जागी पळवायचं. तत्त्वज्ञान हा माझा प्रांत नाही. तेव्हा जिथे मी धुराबद्दल बोलते तिथे माझं ऐका, बाकी ठिकाणी खुशाल भांडा.

प्रश्न: ताई, मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. व्यसन म्हणाल तर एकच. दर रविवारी पहाटे साडेपाचला गाडी काढतो आणि एकटाच फिरून येतो, साधारण ११० किलोमीटर. कुठे थांबत नाही, कुणाला भेटत नाही. आठवड्याचा शीण त्यात उतरतो. एरवी गाडी चालवण्यात काही मजा नसते. ऑफिस चार किलोमीटरवर, दुपारी घरी येऊन पुन्हा जातो, नुसतं क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक. परवा माझी लेक (वय १५) म्हणाली, मीपण येते. अर्ध्या वाटेत तिने विचारलं, ‘बाबा, आपण कुठे चाललोय?’ म्हटलं, ‘कुठेच नाही.’ ती म्हणाली, ‘मग हा धूर कशाला?’ मला काही बोलता आलं नाही. माझं चुकतंय का?

उत्तर: तुमच्या लेकीने विचारलेला प्रश्न तीस वर्षांत आमच्या एकाही यंत्राने विचारला नाही. आमच्याकडे गाडी आदल्या दिवसापासून ठरावीक तापमानाच्या खोलीत उभी असायची. सकाळी ती ढकलत रोलरवर आणायची. चालू करून न्यायची नाही, कारण चाचणी थंड इंजिनापासूनच मोजायची असते. समोर पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत राहते आणि चालकाने गाडी त्या रेघेवर ठेवायची. जुन्या युरोपीय पद्धतीची चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांना जरा कमी, आणि अंतर साधारण ११ किलोमीटर. धुरात हवा मिसळून त्याचा थोडा थोडा नमुना मोठाल्या पिशव्यांमध्ये भरला जातो. पिशवी हळूहळू फुगत जाते. चाचणी संपली की पिशवीतला वायू यंत्रात सोडायचा आणि आकडे घ्यायचे. पिशवीवर गाडीचा नंबर असायचा, तारीख असायची. ती गाडी उद्या दवाखान्यात जाणार आहे की समुद्रावर, यासाठी रकाना नव्हता.

म्हणून आधी तुमच्या दोन पिशव्या भरू. एक लिटर पेट्रोलचं वजन साडेसातशे ग्रॅमच्या आत-बाहेर. त्यातला साधारण साडेसहाशे ग्रॅम नुसता कार्बन. जळताना तो हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्यामुळे टाकीत पाऊण किलो ओतलं तरी सायलेन्सरमधून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नव्या मुलांना हे सांगितलं की ती हमखास म्हणायची, ‘मॅडम, आकडा उलटा लिहिलाय.’ नाही, बरोबरच आहे. उरलेलं वजन हवेतून आलेलं.

तुमचा रविवार: पहाटेचा मोकळा रस्ता, वरचा गिअर, एकसारखा वेग. लिटरला सोळा किलोमीटर धरू. ११० किलोमीटरला सात लिटर, म्हणजे सोळा किलो.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही ते. दिवसाला चार फेऱ्या, सोळा किलोमीटर, पाच दिवसांचे ऐंशी. या फेऱ्यांना लिटरला नऊच्या वर पडत असेल असं मला वाटत नाही. सकाळी इंजिन गार, दुपारी अर्धवट निवलेलं, संध्याकाळी पुन्हा गार. ते नीट तापेपर्यंत ऑफिसचं गेट येतं. म्हणजे नऊ लिटर, वीस किलो. ज्या फेऱ्यांत ‘काही मजा नसते’ त्यांचा धूर मजेच्या फेरीपेक्षा जास्त.

आणि हा फक्त कार्बन डायऑक्साइड झाला. विषारी वायूंचा हिशोब काढला तर तुमचा आठवडा आणखी काळा निघेल. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी. ती अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापली की कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं इंधन यांचा चट्टामट्टा करते. तापलेली नसेल तर मात्र नुसता दगड. पेट्रोलच्या गाड्यांच्या चाचणीत या वायूंचा मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडताना मी रोज बघायची. आलेखावर एकच उंच सुळका, मग जवळजवळ सपाट. तुमच्या रविवारच्या ११० किलोमीटरमध्ये तो सुळका एकदा येतो. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो दिवसातून अनेकदा, तोही भर वस्तीत, लोकांच्या नाकासमोर.

मग रविवार माफ का? तसं मी म्हणत नाही. एका खिशातून जास्त गळतंय म्हणून दुसऱ्या खिशाचं भोक शिवायचं नाही, हा कुठला हिशोब? सोळा किलो हे सोळा किलोच, आणि वर्षभराचे बावन्न रविवार मोजले तर आठशे किलोच्या वर जातात. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला आवडली. रविवारी गाडी का काढतो, हे तुम्हाला स्वच्छ माहीत आहे. सोमवारी का काढता ते तुम्ही कधी स्वतःला विचारलेलंच नाही, कारण ‘ऑफिस’ हा शब्द उच्चारला की विचारायची गरज संपते. मी मागच्या अंकात ‘कारण नसताना’ लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुमच्यासारखीच माणसं होती. ते माझं चुकलं. विनाकारण जळणारं पेट्रोल मला जास्त करून सोमवारच्या फेऱ्यांत दिसतंय.

तेव्हा असं करा. चार किलोमीटर सायकलने किंवा बसने जमतात का ते महिनाभर बघा. ते जमलं तर रविवारबद्दल पुन्हा लिहा, आणि लिहिताना हेही सांगा की त्यातलं नेमकं काय तुम्हाला हवं असतं. एकटेपणा? स्टेअरिंग हातात असणं? की वेग? वेग असेल तर एवढं सांगते: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट. एकटेपणा हवा असेल तर ११० किलोमीटर का, पन्नासात मिळत नाही का? हे मी टोमणा म्हणून विचारत नाहीये. मलाही त्याचं उत्तर हवंय.

लेकीला मात्र खरं सांगा. ‘धूर माझ्या मजेसाठी’ असं म्हणायला जड जाईल, पण ‘शीण घालवायला लागतंच गं’ असं म्हणू नका. पंधरा वर्षांच्या मुलीला ‘लागतंच’मधली लबाडी लगेच कळते.

प्रश्न: माझ्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. बसमध्ये तिला बसवत नाही. मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी घराचा कार्बन मोजला तर आमचं घर वर्गात सगळ्यांत वर. तेव्हापासून गाडी काढताना अपराधी वाटतं.

उत्तर: वाटून घेऊ नका. इथे मी एका ओळीवर थांबले असते, पण मुलाच्या प्रकल्पासाठी थोडं लिहिते.

१९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण या भारतीय पर्यावरण-अभ्यासकांनी एक छोटी पुस्तिका काढली. जगातल्या कुठल्या देशाने किती वायू सोडले याच्या याद्या तेव्हा निघायला लागल्या होत्या आणि त्यांत गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंतांच्या मोटारींचा धूर एकाच रांगेत मांडले जात होते. दोघांचं म्हणणं असं की जगण्यासाठी सोडलेला वायू आणि चैनीसाठी सोडलेला वायू यांची अशी सरमिसळ करणं अन्यायाचं आहे. दोनच वर्षांनी, १९९३मध्ये, हेन्री शू या अमेरिकन तत्त्वज्ञाने हाच भेद निबंधाच्या मथळ्यात घेतला: जगण्यापुरतं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन.

मघाशी मी म्हटलं की पिशवीला कारण कळत नाही. हवेलाही नाही. पण म्हणून माणसांनीही ते कळून घेऊ नये असं थोडंच आहे? मुलाला सांगा, वहीत दोन रकाने पाड. आजीच्या फेऱ्या पहिल्या रकान्यात. आणि वर्गातल्या ज्या घरांचे आकडे खाली आहेत त्यांच्या दुसऱ्या रकान्यात काय काय येतं ते विचारून ये. प्रकल्पाला चार गुण जास्त मिळतील.

प्रश्न: मॅडम, मी एम. ए.ला तत्त्वज्ञान शिकतो. वर्गात आम्हाला वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांचा २००५चा निबंध होता. रविवारी केवळ मजेसाठी पेट्रोलपिऊ गाडी चालवणं नैतिकदृष्ट्या चूक आहे, हे सिद्ध करणारं एकही तत्त्व त्यांना टिकाऊ वाटत नाही. एका गाडीच्या एका फेरीने ना पूर येतो ना दुष्काळ. मी आणि माझा मित्र दोन महिने यावर भांडतोय. तुम्ही धूर मोजलाय, तुम्हीच सांगा, एका फेरीने फरक पडतो का?

उत्तर: माझ्याकडे युक्तिवाद नाही, एक आठवण आहे.

प्रत्येक चाचणीत पिशव्यांची जोडी असायची. एका पिशवीत गाडीचा धूर मिसळलेली हवा, दुसरीत नुसती हॉलमधली हवा. कारण उघड आहे: हवेत कार्बन डायऑक्साइड आधीपासूनच असतो, तो गाडीच्या नावावर लागायला नको. दुसऱ्या पिशवीचा आकडा काढायचा आणि पहिल्यातून वजा करायचा. आम्ही त्याला ‘बॅकग्राउंड’ म्हणायचो. नवीन मुलांना मी शिकवायची: हा आकडा म्हणजे जग, जग वजा करा, उरेल ती गाडी.

मी नोकरीला लागले १९९१ साली. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी १९५८मध्ये हे मोजमाप सुरू केलं तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते. मी लागले तेव्हा ३५५. निवृत्त झाले २०२१मध्ये, तेव्हा ४१६. आमच्या हॉलमध्ये माणसांची ये-जा, उघडी दारं, बाहेरचा रस्ता, त्यामुळे आमचा आकडा याच्या बराच वर असायचा आणि रोज हलायचा. एका दिवसाच्या आकड्यातून काहीच कळत नसे. पण मौना लोआचे आकडे पाहिले की कळतं: मी तीस वर्षं ‘जग’ म्हणून जे निमूटपणे वजा करत आले ते दर वर्षी वाढत होतं, आणि माझ्या रोलरवरच्या गाड्याही त्यातच होत्या. एकाही गाडीच्या अहवालात ती वाढ आली नाही. येणारच नव्हती. प्रत्येक गाडीच्या हिशोबातून आम्ही ती आधीच काढून टाकत होतो.

तुमच्या निबंधातला रविवार मला या वजाबाकीसारखा वाटतो. एक फेरी घ्या, बाकी जग बाजूला काढा, उरलं काय? जवळजवळ शून्य. गणित अचूक आहे. पण मग ३५५ चे ४१६ झाले त्या ६१ भागांचं काय? ते कुठून तरी आलेच ना. कोळशाची वीजकेंद्रं आली, सिमेंट आलं, जंगलतोड आली. आणि कोट्यवधी ‘जवळजवळ शून्य’ आले.

दुसऱ्या टोकाचाही एक हिशोब आहे, तो तुमच्या मित्राच्या कामाला येईल. जॉन नोल्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने २०११मध्ये अंदाज मांडला की एका सरासरी अमेरिकन माणसाच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातून भविष्यातल्या एक-दोन माणसांना गंभीर इजा किंवा मृत्यू येतो. हे गणित अगदी ढोबळ आहे, एकूण नुकसान भागिले एकूण उत्सर्जन, आणि नोल्ट यांनाही ते ठाऊक आहे. मला ते आवडतं ते एवढ्यासाठीच की ते ‘एक फेरी’ घेत नाही, आयुष्य घेतं. माणूस एक फेरी कधीच मारत नाही. मघाचे गृहस्थ बघा, बावन्न रविवार मारतात.

आणि सिनॉट-आर्मस्ट्राँग यांच्यावर अन्याय नको. फेरी मारू नये असं बंधन सिद्ध होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पेट्रोल वाया न घालवणं जास्त चांगलं, हे तेही लिहितात; आणि खरं कर्तव्य सरकारला काम करायला लावण्याचं, असंही. यातलं शेवटचं मला पूर्ण पटतं. गाड्यांचा धूर माझ्या काळात कमी झाला तो कुणाच्या सदसद्विवेकबुद्धीने नव्हे. मर्यादा कायद्याने खाली आल्या म्हणून कंपन्यांनी कन्व्हर्टर बसवले. एकही कंपनी मर्यादा नसताना ‘आमची बुद्धी जागी झाली’ म्हणत गाडी घेऊन माझ्या दारात आल्याचं मला आठवत नाही.

भांडण चालू ठेवा. पण भांडायला दोन गाड्यांतून येऊ नका.

प्रश्न: सरळ बंदी का घालत नाहीत? कामाच्या गाड्यांना परवाना, बाकीच्यांना दंड. आमच्या शेजारच्यांकडे तीन गाड्या आहेत आणि तिन्ही फक्त मिरवायला.

उत्तर: घालून झालीय.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जुलै १९४२मध्ये खासगी गाड्यांचा साधा पेट्रोल-कोटाच बंद केला. काम दाखवा आणि तेवढ्यापुरतं पेट्रोल घ्या. अमेरिकेत त्याच वर्षाच्या अखेरीस देशभर रेशनिंग आलं. गंमत म्हणजे तिथे मुख्य टंचाई पेट्रोलची नव्हती, टायरच्या रबराची होती; लोकांनी गाड्या कमी चालवाव्यात म्हणून पेट्रोल आवळलं. काचेवर गरजेप्रमाणे ए, बी, सी अशी चिकटपत्रं. सगळ्यांत कमी गरज असलेल्यांना ए, आणि त्याच्या मागच्या बाजूला, चालकाला बसल्या जागेवरून दिसेल असा प्रश्न छापलेला: ही फेरी खरंच आवश्यक आहे का? जानेवारी १९४३मध्ये तर पूर्वेकडच्या राज्यांत ‘हौसेच्या ड्रायव्हिंग’वर थेट बंदी आली. शर्यतींच्या मैदानांबाहेर उभ्या गाड्यांचे नंबर टिपायला निरीक्षक उभे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी उठली.

निरीक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आजारी काकूला बघायला जाणं हे काम. वाटेत तळ्याकाठी दहा मिनिटं थांबलं तर? काकू बरी झाली, तरी दर रविवारी जातोय, तर? शेजाऱ्यांच्या तीन गाड्यांचं मला काही विशेष कौतुक नाही, पण त्यांच्या प्रत्येक फेरीचं कारण विचारणारा माणूस फाटकाशी उभा राहिला तर तो आठवड्याभरात तुमच्याही फाटकाशी येईल. कारणं तपासण्यापेक्षा लिटर मोजणं सोपं, आणि माझ्या मते न्यायाचंही. पेट्रोल महाग करा, गाडी ठेवायच्या जागेचे पैसे घ्या, बस वेळेवर सोडा. मग उरलेलं कशावर खर्च करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. यात पैसेवाला सुटतो, ही मोठी खोट आहे, कबूल. म्हणूनच ‘बस वेळेवर’ हे तिन्हींतलं सगळ्यांत महत्त्वाचं. बस नसताना नुसतं पेट्रोल महाग केलं तर ते डायलिसिसवाल्या ताईंना लागतं, मिरवणाऱ्यांना नाही.

एक बंदी मात्र मला मनापासून आवडते. १९७३च्या तेलटंचाईत नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबरपासून रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या. डॉक्टर वगैरेंना सूट. पश्चिम जर्मनीने २५ नोव्हेंबरपासून असे चार रविवार पाळले. त्या दिवसांचे फोटो शोधून बघा. महामार्गावर लोक सायकली चालवतायत, चाकांचे बूट घालून घसरतायत, घोडे घेऊन आलेत. हौस म्हणाल तर भरपूर. रस्ता तोच, फक्त इंजिन बंद.

प्रश्न: मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. आता मनाला टोचणी नाही, म्हणून पूर्वीच्या दुप्पट फिरतो. बायको म्हणते, ही पळवाट आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने?

उत्तर: गाडीच्या बाबतीत तुमच्या, दुप्पट फिरण्याच्या बाबतीत वहिनींच्या.

१८६५मध्ये इंग्लंडात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने कोळशावर पुस्तक लिहिलं. वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम करू लागली, तेव्हा कोळसा वाचेल असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटं. काम स्वस्त पडतंय म्हटल्यावर इंजिनं जिथे तिथे बसली आणि कोळसा आणखी जळला. तुमच्या अंगणात हेच चाललंय, फक्त कोळशाच्या जागी टोचणी घाला.

तुमच्या गाडीला सायलेन्सर नाही, हे खरं आणि चांगलंच. पण वीज कोळशाची असेल तर धूर तिकडे, चिमणीतून. बॅटरी बनवताना जो कार्बन सुटला तो गाडी दारात येण्याआधीच तुमच्या नावावर चढलाय. शिवाय टायर झिजतात. बॅटरीमुळे गाडी वजनदार, त्यामुळे जरा जास्तच. ती बारीक भुकटी हवेत आणि नाल्यात जाते. तिच्यासाठी आमच्या पिशव्यांमध्ये काही सोयच नव्हती. ब्रेकच्या बाबतीत तुमची गाडी सरस, कारण वेग कमी करताना मोटरच उलटी वीज तयार करते आणि ब्रेकपॅड कमी घासतात.

पूर्वीइतकंच फिरलात तर बहुतेक ठिकाणी तुम्ही पेट्रोलवाल्यापेक्षा बरेच पुढे आहात. दुप्पट फिरून त्यातला किती हिस्सा परत दिलात, ते विजेचं बिल समोर ठेवून दोघांनी मिळून काढा. वहिनींना पेन धरू द्या.

प्रश्न: सगळ्यांना सांगता, तुम्ही स्वतः हौसेने गाडी चालवता का? खरं सांगा.

उत्तर: चालवते. आवडतं मला. इतकी वर्षं हजारो किलोमीटर गाड्या पळवल्या, आणि समोर काय तर पडदा, रेघ आणि पलीकडे पांढरी भिंत. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात गाडी काढून घाटात गेले. पहिल्या वळणावर समोरचं दृश्य सरकलं, तर मी दचकून ब्रेक मारला. रोलरवर समोरचं काही सरकत नाही हो.

गाडीत एक वही ठेवलीय. तारीख, किलोमीटर, लिटर, कारण. कारणाचे सुरुवातीला दोनच शब्द होते: ‘काम’ आणि ‘हौस’. वर्षाला चार-पाच वेळा ‘हौस’ लिहिते, वळणदार अक्षरात, तारखेखाली रेघ मारून. त्या ओळी मला खोडाव्या लागत नाहीत. तुमची पत्रं वाचताना मी ‘काम’वाली पानं पहिल्यांदाच नीट चाळली. एका महिन्यात एकोणीस फेऱ्या. त्यातल्या सहा दीड किलोमीटरच्या आतल्या, आणि पाऊस त्या महिन्यात एकच दिवस पडला होता. त्या सहांपुढचं ‘काम’ खोडून ‘आळस’ लिहिलंय. गुडघा दुखत होता म्हणून त्यातल्या दोन पुन्हा ‘काम’ केल्या होत्या, पण तो कुठल्या आठवड्यात दुखत होता ते आता आठवेना, म्हणून सध्या तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.